संध्याकाळी सातचा भाव

४ मे, सोमवार

आज माझं आयुष्य बदललं. दुपारी, बाराला पाच मिनिटं कमी असताना. तिने माझ्या हातावर हात ठेवला.

सविस्तर लिहितो. आमची कंपनी शहराला वीज पुरवते, आणि आमच्या खोलीत उद्याची वीज आज विकत घेतात. सकाळभर डोकेफोड, आणि मग दिवसातल्या प्रत्येक पाव तासाला शहराला किती वीज लागेल ते बाजाराच्या स्क्रीनवर भरायचं. बाराला खिडकी बंद. नंतर देव खाली उतरला तरी आकडा बदलत नाही. मी संध्याकाळी सातचा रकाना भरून ‘पाठवा’ दाबणार, इतक्यात ती मागून आली आणि माउसवरच्या माझ्या हातावर तिचा हात. म्हणाली, थांब थांब थांब, अरे फ्यूज, दोनशेच्या जागी दोन हजार? अख्खा देश विकत घेतोस का?

एक शून्य जास्त पडलं होतं. पडू दे. मुद्दा शून्याचा नाही. मुद्दा हा, की शून्य खोडून झालं तरी हात निघाला नाही. ‘पाठवा’ दाबेपर्यंत होता. खरं तर दाबलं तिनेच.

(फ्यूज हे माझं ऑफिसातलं नाव. मी पटकन उडतो म्हणे. मी उडत नाही. मला अन्याय सहन होत नाही.)

तिला सगळे हवामान खातं म्हणतात. उद्या किती तापेल, किती एसी लागतील, म्हणून किती वीज लागेल, हा अंदाज ती काढते. ती सांगते, मी भरतो. तिच्या शब्दावर माझा आकडा उभा असतो. इतका विश्वास नवरा-बायकोतही नसतो.

संकल्प: शुक्रवारच्या आत तिच्याशी बोलायचं. आणि चिडणं बंद. साहेब आजही म्हणाले, दार आपटू नकोस, बिजागऱ्या कंपनीच्या आहेत.

५ मे

आल्या आल्या गुड मॉर्निंग म्हणाली. सगळ्यांना, पण सर्वांत आधी माझ्याकडे बघून. माझी खुर्ची दाराला लागून आहे, त्याचा इथे काही संबंध नाही.

७ मे, गुरुवार

साहेबांनी विजेचा भाव कसा ठरतो ते समजावलं. चौथ्यांदा, असं त्यांचं म्हणणं. पण आज मन तयार होतं, म्हणून आज कळलं.

सगळे वीजवाले आपापला भाव सांगतात. बाजार त्यांना स्वस्तापासून महागापर्यंत रांगेत उभं करतो. ऊन आणि वारा पुढे, मग कोळसा. पाणीवाले लबाड, धरण दाबून बसतात आणि भाव चढला की दार उघडतात. सर्वांत शेवटी गॅसवर चालणारं केंद्र. सगळ्यांत महाग, दिवसभर गंजत पडलेलं. जेवढी गरज तेवढ्यांनाच बोलावणं. आणि ज्याला सर्वांत शेवटी बोलावलं, त्याचा भाव रांगेतल्या सगळ्यांना मिळतो.

म्हणजे दिवसभर ज्याला कोणी कुत्रं विचारत नाही, तो संध्याकाळी सातला, लोक घरी येऊन दिवे-एसी लावतात तेव्हा, अख्ख्या देशाचा भाव ठरवतो!

मला भरून आलं. साहेब म्हणाले, डोळ्यांत काय गेलं?

तो मीच. कॉलेज तिसऱ्या वर्षात सोडलं. (सरांनी माझं जर्नल फेकलं, मी त्यांचं डस्टर फेकलं. सुरुवात त्यांची.) तेव्हापासून बाबा माझ्याशी कामापुरतंही बोलत नाहीत. आई म्हणते, होईल काहीतरी. ताई म्हणते, काही होणार नाही. रांगेत शेवटचा, मान्य. पण माझे सात अजून वाजायचे आहेत.

८ मे, शुक्रवार

बोललो नाही. शुक्रवार हा दिवस अशा गोष्टींसाठी नसतो, लोकांचं लक्ष शनिवारकडे असतं. पुढचा शुक्रवार नक्की.

१० मे, रविवार

तिची एक गोष्ट मला फार लागते. रोज संध्याकाळी ती जिन्यात जाऊन कुणाला तरी फोनवर विचारते, आज पाणी किती आहे? आणि मग हसते. त्यांच्या भागात पाण्याचे हाल दिसतात. तरी हसते. मी एका टँकरवाल्याचा नंबर काढून ठेवलाय. वेळ आली की देईन.

ताईने विचारलं, हल्ली दोनदा दाढी करतोस, कोण आहे? मी सांगितलं, आहे एक, रोज सकाळी उठल्या उठल्या मला मेसेज करते. ताईने फोन हिसकावला. मेसेज होता: उद्या कमाल एकोणचाळीस, ढग नाहीत, संध्याकाळी मागणी वाढेल. ताई म्हणाली, अरे हा तर ग्रुपवर आहे, अकरा जणांना गेलाय. मी म्हटलं, पण अकरा जणांत आकडा भरतो कोण? ताई म्हणाली, अरे देवा.

११ मे, सोमवार

साहेब जेवताना एक किस्सा सांगत होते. कुठल्याशा वीजकेंद्राने एकदा बिघाड झालाय म्हणून वीज बनवणारा चांगला चालणारा संच बंद ठेवला. वीज कमी पडली, भाव आभाळाला भिडला, आणि त्यांचेच बाकीचे संच मालामाल. सगळे हसले. मी हसलो नाही, कारण मला मार्ग सापडला होता.

मी नको तेवढा उपलब्ध आहे. ती काही विचारायच्या आत मी हो म्हणतो. भाव येणार कसा? उद्यापासून मी बंद. बोलणं नाही, हसणं नाही. अंदाज मिळाला की फक्त मान हलवायची.

१२ मे

पहिला दिवस यशस्वी. ती दिवसभर माझ्याशी एक शब्द बोलली नाही. परिणाम सुरू.

१३ मे

आजही नाही. जेवताना मात्र खूप हसत होती. आतून तुटलेली माणसं अशीच हसतात.

१४ मे, गुरुवार

जेवण जात नाही. चहावर आहे. दोन दिवस तिचा आवाज फक्त दुसऱ्यांशी बोलताना ऐकतोय, आणि न बोलण्यापेक्षा ते ऐकण्याचाच जास्त त्रास होतो. पण भाव चढायला वेळ लागतो.

दुपारी तिने साहेबांना विचारलं, फ्यूजची तब्येत बरी नाही का? विजय! साहेब म्हणाले, पोट बिघडलं असेल. थोड्या वेळाने माझ्या टेबलावर ओआरएसचं पाकीट. संत्र्याच्या चवीचं. मी ते पिणार नाही. ड्रॉवरमध्ये जपून ठेवलंय.

१५ मे, शुक्रवार

जनरल नॉलेज म्हणून साहेबांना विचारलं, संच बंद ठेवला की भाव नेहमी चढतो का? म्हणाले, तुझ्यावाचून अंधार होणार असेल तरच. मागे रांगेत दुसरे उभे असतील तर बाजाराला पत्तासुद्धा लागत नाही की तू बंद होतास. शिवाय वर आयोग बसलाय, असल्या लबाड्यांवर नजर ठेवायला. नोटीस येते.

मी विचारलं, आणि नोटीस आलीच नाही तर?

म्हणाले, तर तू एवढासा आहेस, की तुझी लबाडी मोजायचीही कुणाला गरज वाटली नाही. अरे, निघालास कुठे? दार—

आपटलं.

सोमवारपासून मी पुन्हा चालू. गुड मॉर्निंग आधी मीच म्हणणार.

१७ मे, रविवार

आज बाबा माझ्या खोलीत आले. दारात उभे राहिले. हातात विजेचं बिल. म्हणाले, हे जरा बघ, काय काय लावलंय ते कळत नाही.

पावणेदोन वर्षांत पहिल्यांदा.

मी त्यांना खुर्ची दिली. सांगितलं, हा स्थिर आकार, पंखा लावा न लावा, द्यावा लागतो. हा वापराचा. हा इंधनाचा फरक. त्यांनी विचारलं, बाजारात रोज भाव वर-खाली होतो म्हणतोस, मग आमचा दर रोज का बदलत नाही? मी म्हटलं, तुमचा दर आयोग ठरवतो. आधी सुनावणी होते, कंपनीने खर्च दाखवायचा, लोकांनी हरकती घ्यायच्या, मग आयोग कात्री लावून दर मंजूर करतो. मधल्या काळात वीज महाग पडली, की इंधनाच्या फरकात बसेल तेवढं सोडून बाकीचं कंपनीने सोसायचं. मग पुढच्या दरात ती तूट भरून मागायची. मिळाली तर मिळाली.

बाबांनी बिलाची घडी घातली. म्हणाले, म्हणजे आज कुणीतरी सोसतं, पुढे भरून निघेल या आशेवर.

मी हो म्हटलं. बाबा उठले. जाताना म्हणाले, चांगलं समजावतोस.

हे तिला सांगायचं आहे. सगळ्यात आधी तिलाच.

१८ मे, सोमवार

सांगता आलं नाही. ती चाललीय. आयोगात. वीज नियामक आयोगातच. सगळ्या कंपन्यांचे मागणीचे अंदाज आता ती तपासणार. तीन वर्षं तिथेच जायचं डोक्यात होतं म्हणे. मला हे माहीत नव्हतं. मला तिचं आवडतं बिस्किट माहीत आहे.

इथला शेवटचा दिवस २९, शुक्रवार. सगळे टाळ्या वाजवत होते. मी कीबोर्डवर हात आपटला. सातचं बटण उडालं. शोधत होतो तर तीच टेबलाखाली वाकली, बटण काढून दिलं, आणि म्हणाली, अरे, एवढा आनंद?

२० मे, बुधवार

बोललो!

जिन्यात गाठलं. म्हटलं, जायच्या आधी कॉफी घेऊया का, दोघंच. बाहेर. ती पर्सचा पट्टा नीट करायला लागली. नीटच होता तो. मग म्हणाली, अरे, मी आता आयोगात चाललेय ना. कंपन्यांच्या माणसांबरोबर असं कॉफीलाबिफीला नाही जाता येत. तिकडे नियम आहेत. वाईट वाटून घेऊ नकोस हं.

वाईट? मी तर हवेत आहे. ती नाही म्हणाली नाही. नियम नाही म्हणाला! अडचण माझी नाही, कंपनीची आहे. तिच्या चेहऱ्यावर कर्तव्य आणि भावना यांची जी ओढाताण चालली होती ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

तिला टँकरचा नंबरही दिला. ती चक्रावली. अश्रू लपवायला माणसं चक्रावतात.

२१ मे

रात्रभर विचार केला. उत्तर इतकं सोपं, की हसू येतं. कंपनीचा माणूस चालत नाही ना? मग मी कंपनीचा राहणार नाही. नोकरी सोडली की मी कोण? साधा वीजग्राहक. आणि आयोग कुणासाठी असतो? ग्राहकाच्या हितासाठी! आयोगाच्या कायद्यातच मी बसतो.

२२ मे, शुक्रवार

राजीनामा दिला.

साहेबांनी वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. म्हणाले, जुलैपासून तुला पर्मनंट करायचं वर बोलून आलोय मी. तुझा हात बसलाय यात. वर्षभरात एक शून्य चुकलं, तेही वेळेत सापडलं. कारण काय? मी म्हटलं, वैयक्तिक. ते म्हणाले, सोमवारपर्यंत माझ्या खणात ठेवतो, परत घेऊन जा. मी म्हटलं, मी दिलेला शब्द परत घेत नाही. ते म्हणाले, हा शब्द नाही रे, कागद आहे. मग हळूच विचारलं, हवामान खातं का?

मी उत्तर दिलं नाही. दार दिलं.

२९ हाच माझाही शेवटचा दिवस मागून घेतला. एका दाराने दोघं बाहेर. तिला आधी सांगणार नाही. सरप्राइज.

२४ मे, रविवार

नवा शर्ट घेतला. फिका निळा. ताईला सगळं सांगितलं. वाटलं, फाडून खाईल. तिने शर्ट घेतला आणि इस्त्री करायला बसली. एक बाही झाली. मग विचारलं, ती हो म्हणालीय का? मी म्हटलं, तिने नियम सांगितला. ताई म्हणाली, अरे राजा, तोंडावर नाही म्हणायला जड जातं ना, तेव्हाच माणसं नियम सांगतात.

मी म्हटलं, तुला या क्षेत्रातलं कळत नाही.

ताईने कॉलर पुन्हा एकदा दाबली. चिडवलं नाही. ताई चिडवत नाही, हे मला अजिबात आवडलं नाही.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. टीव्हीवर शेजारच्या काकांचं बिल ठेवलंय. आई म्हणाली, बाबांनी स्वतःहून मागून आणलंय. काकांना म्हणाले, आमचा मुलगा त्याच लाइनीत आहे, तो समजावून सांगेल.

समजावीन. नंतर. आधी शुक्रवार.

२७ मे

साहेबांचा खण सोमवारी उघडा होता. मंगळवारीही. आजही. मी तिकडे बघितलं नाही. तीन वेळा.

२९ मे, शुक्रवार. संध्याकाळ, ऑफिससमोरच्या बाकावर

क्रमाने लिहितो.

सकाळी तिने शेवटचा अंदाज दिला. उद्या ढग येणार, संध्याकाळी मागणी कमी. मी सगळे रकाने भरले. सातचं बटण चिकटपट्टीने बसवलेलं, जोरात दाबावं लागतं. शून्यं मोजली. पुन्हा मोजली. बाराला पाच कमी असताना हात माउसवर ठेवून थोडा थांबलो. मागे कोणी आलं नाही. ‘पाठवा’ मीच दाबलं.

चारला केक. साहेबांनी चार शब्द बोलताना सांगून टाकलं, आज आपल्याकडून एक नाही, दोघं जातायत. ती माझ्याकडे वळली, तू? तू कुठे? मी शर्टाची बाही सारखी केली. आता सांगणार, तेवढ्यात दारातून एक उंच माणूस आत आला आणि सगळे ओरडले, आले आले, धरणवाले आले!

जलविद्युत कंपनीत आहे. धरणावर. नोव्हेंबरमध्ये दोघांचं लग्न. सगळ्यांना माहीत होतं. मी बंद होतो त्या आठवड्यात तिने सांगितलं होतं.

कुणीतरी म्हणालं, काय हो, आज पाणी किती? आणि सगळे हसले. तोही हसला. तीही. जिन्यातलं हसू. तेच.

माझं डोकं उडालं. मोठ्यांदा विचारलं, मग आयोगाच्या नियमाचं काय? तुम्हीही कंपनीचेच ना? त्याला राग नाही आला. चांगला माणूस असावा, तेही नशिबात होतं. त्याने शांतपणे सांगितलं, त्यात काय, रुजू होतानाच तिने नातं जाहीर केलंय. आमच्या कंपनीची फाइल आली की ती दुसऱ्याकडे जाणार. नातं लपवायला बंदी आहे, ठेवायला नाही.

म्हणजे एवढंच होतं. जाहीर करायचं होतं. नातं असायला हवं होतं, फक्त.

ती पर्सच्या पट्ट्याशी खेळायला लागली. मग हात थांबला. तिने माझ्याकडे बघितलं, मग साहेबांकडे, पुन्हा माझ्याकडे. ती अंदाज काढते. तिला वेळ लागला नाही. जवळ आली, आणि अगदी हळू विचारलं, तू नोकरी का सोडलीस?

उत्तर जिभेवर होतं. सगळं. हात, पाकीट, नियम, शर्ट. आयुष्यात मी एवढा तापलो नव्हतो आणि समोर अख्खं ऑफिस. तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती माझ्या उत्तराला घाबरली होती.

म्हटलं, कॉलेज पूर्ण करतोय. तिसरं वर्ष राहिलंय ना.

साहेब जरा जास्तच मोठ्याने म्हणाले, वा! उत्तम! तिने श्वास सोडला. तिच्या चेहऱ्यावर रंग आला. म्हणाली, खूप बरं केलंस रे, खरंच. आणि माझ्या हातावर हात ठेवला. माणूस कुणाच्याही हातावर ठेवतो, तेवढा वेळ. त्या दिवशीही तेवढाच होता. शून्य खोडायला लागतो तेवढा.

सगळे तिला सोडायला खाली गेले, तिथूनच घरी जाणार होते. खिडकीतून गाडीचं दार लागल्याचं ऐकू आलं. मी डबा घ्यायला आत राहिलो. ओआरएसचं पाकीटही घेतलं. साहेबांचा खण उघडा होता. आत कागद नव्हता, आज सकाळी वर गेला असणार. खण उघडाच ठेवायची त्यांना सवय लागली असेल.

स्क्रीनवर उद्याचे निकाल लागलेले होते. सवयीने सातचा भाव बघितला. पडलाय. गॅसवाल्याला उद्या बोलावणंच नाही. पाण्यावरच भागलं.

आता घरी जायचं आहे. टीव्हीवर काकांचं बिल आहे. बाबा चहाच्या वेळेपासून वाट बघत असतील. त्यांना आधी बिल समजावीन, नीट, सावकाश. मग बाकीचं.

निघताना एसी बंद केला, दिवे बंद केले, बाहेर आलो आणि दार लावलं. हात लावून, हळू. बिजागऱ्या कंपनीच्या आहेत.